घटक ६ : शालेय ग्रंथपाल आणि शोधवृत्तीचे शिक्षण

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• शालेय ग्रंथपालाचे देवघेवीचे काम आणि अध्यापनाचे काम यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ‘विषय’ आणि ‘शोधप्रश्न’ यांतील भेद उदाहरणासह सांगता येईल.
• शोधप्रक्रियेच्या सहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवरील ग्रंथपालाची भूमिका विशद करता येईल.
• मराठी कोशवाङ्मयाचा शोधसाधन म्हणून उपयोग करता येईल.
• पाहिलेले, वाचलेले आणि तर्काने मांडलेले यांतील भेद मराठी वाक्यरचनेतून दाखवता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठीतील कोशवाङ्मयाची ओळख करून घेतली. कोश कोणी रचले, केव्हा रचले आणि त्यांत काय आहे, हे आपण पाहिले. परंतु कोश कपाटात असणे ही एक गोष्ट आणि तो उघडण्याची गरज वाचकाला भासणे ही दुसरी गोष्ट. ही गरज कशी निर्माण होते आणि ती निर्माण करण्याचे काम शाळेत कोणी करावे, हा या घटकाचा विषय आहे.

आपल्या ओळखीच्या एखाद्या शाळकरी मुलाची प्रकल्पवही डोळ्यांसमोर आणा. मुखपृष्ठावर सुबक अक्षरांत विषय असतो, आत दुकानातून आणलेल्या तक्त्यावरची चित्रे कापून चिकटवलेली असतात आणि त्यांच्याखाली कोठून तरी उतरवून घेतलेला मजकूर असतो. मजकूर कोठून घेतला, असे विचारले तर ‘नेटवरून’ किंवा ‘पुस्तकातून’ एवढेच उत्तर मिळते. वहीला गुण मिळतात आणि वही रद्दीत जाते. या सर्व व्यवहारात त्या मुलाने एकही प्रश्न स्वतः विचारलेला नसतो. याचा दोष त्या मुलाला देणे योग्य होणार नाही. प्रश्न कसा तयार करावा, उत्तर कोठे शोधावे आणि सापडलेले उत्तर स्वतःच्या शब्दांत कसे मांडावे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

हे कौशल्य शिकवण्यासाठी शाळेतील सर्वांत योग्य जागा म्हणजे ग्रंथालय आणि सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे ग्रंथपाल, असे प्रतिपादन या घटकात केले आहे. त्याचबरोबर दुसराही एक मुद्दा येथे मांडायचा आहे. शोध घेण्याचे कौशल्य हे मूलतः भाषेचे कौशल्य आहे. प्रश्नाची वाक्यरचना, टिपणाची भाषा आणि श्रेयनिर्देशाची रीत या तिन्ही गोष्टी भाषेच्या अध्ययनात मोडतात. म्हणूनच मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात या घटकाला स्थान आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ग्रंथपालाचे काम : देवघेव आणि अध्यापन

शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ हे जतन करून ठेवण्यापेक्षा वापरण्यासाठी आहेत, हा पहिल्या नियमाचा आशय. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा चौथ्या नियमाचा आशय.

शाळेच्या संदर्भात या चौथ्या नियमाचा थोडा निराळा विचार करावा लागतो. सार्वजनिक ग्रंथालयात एखादा वकील किंवा पत्रकार येतो. त्याला हवी ती नोंद पाच मिनिटांत काढून देणे ही उत्तम सेवा होय. शाळेच्या ग्रंथालयात सातवीतील विद्यार्थिनी येते आणि ‘मला पाण्याची माहिती द्या’ म्हणते. ग्रंथपालाने नेमके पान उघडून तिच्या हाती दिले, तर तिचा वेळ वाचतो, पण शिकणे राहून जाते. तिला नेमके काय हवे आहे हे तिने स्वतः ओळखावे, सूची पाहावी, अनुक्रमणिका चाळावी, दोन पुस्तके बाजूला ठेवून तिसरे निवडावे, यासाठी खर्च झालेला वेळ हा शिक्षणाचाच भाग असतो. शाळेत वाचकाचा वेळ वाचवायचा तो पुढच्या आयुष्यातला. आज शोधायला शिकलेल्या मुलीला उद्या प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

यावरून ग्रंथपालाची दोन प्रकारची कामे आपल्या लक्षात येतील. ग्रंथांची खरेदी, नोंदणी, वर्गीकरण, देवघेव आणि जतन ही व्यवस्थापनाची कामे होत. विद्यार्थ्याला प्रश्न बनवायला, साधन निवडायला, त्याची पारख करायला आणि टिपण काढायला शिकवणे हे अध्यापनाचे काम होय. आपल्याकडे पहिले काम दिसते, मोजले जाते आणि तपासले जाते. दुसऱ्या कामाची नोंद ठेवणारे रजिस्टर नाही, म्हणून ते बहुधा दुर्लक्षित राहते.

कायद्याच्या भाषेतही याचे प्रतिबिंब दिसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक आहे. तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके आणि सर्व विषयांवरील पुस्तके उपलब्ध असावीत, अशी अपेक्षा आहे. या कलमात ग्रंथालयाचा उल्लेख आहे. ग्रंथपालाचा मात्र नाही. कपाट आले, पण कपाटापाशी उभे राहून ‘तुला काय शोधायचे आहे?’ असे विचारणारी व्यक्ती आली नाही, तर काय होते, हे आपण अनेक शाळांमध्ये पाहतो.

६.३.२ विषय आणि शोधप्रश्न

शोधाची सुरुवात विषयाने होत नाही, प्रश्नाने होते. ‘पाणी’, ‘शिवकालीन किल्ले’, ‘मराठी भाषेवरील इतर भाषांचा प्रभाव’ हे विषय आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ही नामे किंवा नामसमूह आहेत. त्यांत क्रियापद नाही, प्रश्नार्थक सर्वनाम नाही, स्थळकाळाची मर्यादाही नाही. नामाचे उत्तर देता येत नाही. त्याच्याविषयी फक्त मजकूर गोळा करता येतो. विद्यार्थी उतारे नकलून काढतात याचे एक कारण येथेच आहे. त्यांना दिलेल्या कामाचे स्वरूपच तसे असते.

ग्रंथपालाचे पहिले अध्यापनकार्य म्हणजे या नामाचे प्रश्नवाक्यात रूपांतर करायला विद्यार्थ्याला मदत करणे. यासाठी मराठीतील ‘कोण, काय, कोठे, केव्हा, कसे, का, किती’ ही प्रश्नार्थक शब्दांची साधी मालिका पुरेशी असते. ‘पाणी’ या विषयावरून ‘आपल्या गावातील सार्वजनिक विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात आटते आणि का?’ असा प्रश्न तयार झाला की पुढील काम बदलते. आता विद्यार्थिनीला विहिरीपाशी जावे लागेल, वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल आणि भूगोलाचे पुस्तक एका निश्चित हेतूने उघडावे लागेल.

चांगला शोधप्रश्न ओळखण्याच्या तीन कसोट्या लक्षात ठेवा. पहिली, त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपू नये. दुसरी, उपलब्ध वेळ आणि साधने यांच्या मर्यादेत त्याचे उत्तर मिळण्यासारखे असावे. तिसरी, ज्याने तो विचारला त्याला त्या उत्तराचे खरोखर कुतूहल असावे. तिसरी कसोटी बहुधा विसरली जाते.

आपली प्रगती तपासा – १
पुढील विषयांचे प्रत्येकी एका शोधप्रश्नात रूपांतर करा : (अ) आमच्या गावची जत्रा (आ) वृत्तपत्रांची भाषा.

६.३.३ शोधप्रक्रियेच्या सहा पायऱ्या

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील प्राध्यापिका कॅरॉल कुल्थाउ यांनी १९८० च्या दशकात माध्यमिक शाळेतील विद्यार्थी ग्रंथालयात शोध कसा घेतात, याचा दीर्घ अभ्यास केला. त्यातून त्यांनी शोधप्रक्रियेच्या सहा पायऱ्या निश्चित केल्या. मराठीत त्यांना आरंभ, विषयनिवड, अन्वेषण, केंद्रनिश्चिती, संकलन आणि मांडणी असे म्हणता येईल.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी विद्यार्थी काय करतात याबरोबरच त्या त्या पायरीवर त्यांच्या मनाची स्थिती कशी असते, याचीही नोंद घेतली. आरंभी विद्यार्थी साशंक असतो. विषय निवडला की त्याला हायसे वाटते. पण अन्वेषणाच्या पायरीवर, म्हणजे निरनिराळी साधने चाळू लागल्यावर, त्याचा गोंधळ वाढतो. एक पुस्तक एक सांगते, दुसरे त्याहून निराळे सांगते. ‘मला हे जमणार नाही’ असे वाटण्याची हीच वेळ. यानंतर शोधाचा नेमका केंद्रबिंदू ठरला की आत्मविश्वास परत येतो आणि संकलन व मांडणी ही कामे मार्गी लागतात.

यातून ग्रंथपालाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गोंधळ हे अपयशाचे लक्षण नाही. ती प्रक्रियेतील स्वाभाविक अवस्था आहे. मदतीची खरी गरज तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर असते. आपल्या शाळांत मात्र पहिल्या पायरीवर विषय दिला जातो आणि सहाव्या पायरीवर वही तपासली जाते. मधल्या चार पायऱ्यांवर विद्यार्थी एकटा असतो. अशा वेळी तयार मजकूर उतरवून घेणे हा त्याला सुचणारा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

आपणही नोकरी-व्यवसाय आणि घरसंसार सांभाळून अभ्यास करीत आहात. गृहपाठ लिहिताना दोन-तीन पुस्तके वाचल्यावर आपले मनही असेच गोंधळून जात असेल. ती अवस्था आता आपल्याला नावानिशी ओळखता येईल.

६.३.४ एक उदाहरण : सातबारा उताऱ्यावरील शब्द

वरील पायऱ्या एका उदाहरणातून समजावून घेऊ. समजा, नववीतील एका विद्यार्थ्याला ‘मराठी भाषेवरील इतर भाषांचा प्रभाव’ हा प्रकल्पविषय मिळाला आहे आणि तो ग्रंथालयात आला आहे.

ग्रंथपाल त्याला लगेच पुस्तक देत नाहीत. ‘तुझ्या घरी कागदावर लिहिलेले, पण तुला न समजणारे मराठी शब्द कोठे दिसतात?’ असे त्या विचारतात. शेतकरी कुटुंबातील तो मुलगा थोडा विचार करून सातबाऱ्याचे नाव घेतो. येथे विषयाला पहिल्यांदा जमीन मिळते.

सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा. नमुना ७ हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आहे, तर नमुना १२ ही पिकांची नोंद आहे. विद्यार्थ्याने घरच्या उताऱ्यावरील शब्द वहीत उतरवून आणावेत, नावे आणि गट क्रमांक मात्र उतरवू नयेत, असे ग्रंथपाल सांगतात. इतरांची खासगी माहिती प्रकल्पात येऊ देऊ नये, हाही शोधशिक्षणाचाच एक धडा आहे.

शब्दांची यादी पाहून विद्यार्थी एक अंदाज बांधतो : ‘हक्काविषयीचे शब्द फारसी-अरबीतून आले असावेत आणि शेतीविषयीचे शब्द मूळचे मराठी असावेत.’ हे त्याचे गृहीतक. आता त्याचा शोधप्रश्न असा ठरतो : ‘सातबारा उताऱ्यावर आणि त्यासंबंधीच्या बोलण्यात येणारे शब्द कोणत्या भाषांतून आले आहेत आणि शब्दाचे मूळ व त्याचे काम यांत काही संबंध दिसतो का?’

यानंतर ग्रंथपाल त्याला कोशांच्या कपाटाकडे नेतात. ड्यूई दशांश वर्गीकरणात (१८७६) मराठी भाषेसाठी ४९१.४६ आणि मराठी साहित्यासाठी ८९१.४६ हे अंक आहेत. एकदा हे समजले की मुलाला भाषाविषयक पुस्तकांचे कपाट स्वतः शोधता येते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारित आवृत्ती १८५७), य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) आणि माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश (१९२५) ही येथील प्रमुख साधने होत. शाळेच्या ग्रंथालयात यांतील सर्व ग्रंथ असतीलच असे नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

शोधातून हाती येणारे चित्र असे : ‘हक्क’ आणि ‘महसूल’ हे शब्द अरबी मुळाचे आहेत, ‘जमीन’ फारसी आहे. येथपर्यंत गृहीतक टिकते. पण ‘हंगाम’ हा पिकाशी निगडित शब्दही फारसी निघतो. ‘जिरायत’ अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे आणि ‘बागायत’ या शब्दाच्या मुळाशी फारसी ‘बाग’ आहे. दुसऱ्या बाजूला ‘अधिकार’, ‘क्षेत्र’ हे शब्द हक्काच्या बाजूचे असूनही संस्कृत आहेत. ‘भोगवटादार’ या शब्दात मराठी ‘भोगवटा’ला फारसी ‘-दार’ हा प्रत्यय जोडलेला आहे. ‘पोटखराब’ म्हणजे धारण केलेल्या जमिनीतील लागवडीस अयोग्य भाग. त्यात ‘पोट’ मराठी आहे आणि ‘खराब’ अरबी. इतकेच काय, ‘गाव नमुना’ या शीर्षकातील ‘गाव’ संस्कृत ‘ग्राम’पासून आलेला आहे, तर ‘नमुना’ फारसी आहे.

अर्थात, विद्यार्थ्याचे गृहीतक जसेच्या तसे टिकत नाही. ही शोधातील सर्वांत मोलाची घटना आहे. अनुभव नसलेला विद्यार्थी अशा वेळी न जुळणारे शब्द यादीतून गाळून टाकतो. ग्रंथपालाने येथे त्याला थांबवून म्हणायचे असते, ‘जे जुळत नाही, तेच आधी लिही.’ मग तो नवे विधान करतो : एकाच कागदावर तद्भव, फारसी-अरबी आणि संस्कृत असे शब्दांचे तीन थर एकत्र नांदतात, आणि काही शब्द तर दोन थरांच्या संयोगातून बनले आहेत. हे विधान कोणत्याही तयार पुस्तकातून उतरवलेले नाही. ते त्याचे स्वतःचे आहे.

शेवटी मर्यादांची नोंद. हे शब्द मराठीत केव्हा आले, हे आजच्या एका उताऱ्यावरून सांगता येणार नाही. त्यासाठी जुने लेखन पाहावे लागेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड त्यासाठी उपयोगी पडतील. शिवकालात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. त्यावरून असे परकी शब्द त्या काळी कारभारात रूढ होते, एवढे निश्चित म्हणता येते. नववीच्या विद्यार्थ्याने ही सर्व साधने वाचावीत, अशी अपेक्षा नाही. आपल्या उत्तराची हद्द कोठे संपते, हे त्याला कळावे एवढीच अपेक्षा आहे.

आपली प्रगती तपासा – २
वरील उदाहरणात विद्यार्थ्याचे मूळ गृहीतक कोणत्या शब्दांमुळे बदलावे लागले? कारण सांगा.

६.३.५ साधनांची पारख

सापडलेले प्रत्येक साधन सारख्याच विश्वासाचे नसते. ग्रंथपालाने विद्यार्थ्याला पुढील चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कोणासाठी लिहिले? त्याला हे कशावरून कळले?

मोल्सवर्थच्या कोशालाच हे प्रश्न लावून पाहा. तो एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली मराठी शास्त्र्यांच्या साहाय्याने तयार झाला. तो एकोणिसाव्या शतकातला आहे. मराठी शिकणाऱ्या इंग्रज वाचकाची सोय त्यात पाहिलेली आहे. त्यामुळे त्या काळातील मराठीचा साक्षीदार म्हणून त्याचे मोल मोठे आहे, पण आजच्या अर्थासाठी एकट्या त्याच्यावर विसंबता येणार नाही. हाच न्याय ज्ञानकोशांनाही लागू होतो. श्री. व्यं. केतकर यांच्या संपादकत्वाखाली तयार झालेला महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकातील आहे, तर लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. एकाच विषयावरील नोंद दोन्हींत वाचली, तर दरम्यानच्या काळात ज्ञान कसे बदलले, हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसते.

मोबाइलवर मिळणाऱ्या मजकुरालाही हेच चार प्रश्न लावायचे असतात. तेथे अडचण अशी की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतच नाहीत. ज्या मजकुराचा कर्ता आणि काळ कळत नाही, तो शोधाचा आरंभ करून देऊ शकतो. पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडत नाही, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे.

६.३.६ टिपण आणि श्रेयनिर्देश : भाषेचे काम

मराठीत कोणत्याही विधानाबरोबर त्याच्या ज्ञानाचा आधार सूचित करण्याची सोय आहे. पुढील वाक्ये लक्षपूर्वक वाचा :

(१) विहीर शंभर वर्षांची आहे.
(२) विहीर शंभर वर्षांची आहे म्हणे.
(३) विहीर शंभर वर्षांची असावी.
(४) विहिरीवरील शिलेवर तिच्या बांधकामाचे वर्ष कोरलेले आहे.

पहिले वाक्य ठाम विधान आहे. दुसऱ्यातील ‘म्हणे’ हे ऐकीव माहितीचे चिन्ह आहे. बोलणारा जबाबदारी दुसऱ्यावर सोपवतो. तिसऱ्यातील ‘असावी’ हे रूप तर्क दाखवते. चौथे वाक्य पुराव्याकडे बोट दाखवते. दैनंदिन बोलण्यात हे भेद आपण सहज पाळतो. लहान मूलही ‘आई येणार आहे’ आणि ‘आई येणार आहे म्हणे’ यांत गल्लत करीत नाही. मात्र वहीत लिहिताना हे भेद पुसले जातात आणि सर्व काही ‘आहे’, ‘होते’ अशा ठाम रूपांत उतरते. घरच्या भाषेत असलेला हा विवेक लेखनात आणणे, हे ग्रंथपाल आणि मराठीचे शिक्षक यांचे समान उद्दिष्ट असले पाहिजे.

यासाठी तीन रकान्यांची टिपणवही हा सोपा उपाय आहे. पहिला रकाना ‘मी पाहिले किंवा ऐकले’, दुसरा ‘मी वाचले’ आणि तिसरा ‘मला वाटते’. पहिल्या रकान्यात दिनांक आणि ठिकाण लिहायचे. दुसऱ्यात लेखक, ग्रंथ आणि पृष्ठ यांची नोंद करायची. तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक वाक्याला पहिल्या दोन रकान्यांपैकी कशाचा तरी आधार आहे का, हे ग्रंथपालाने विचारायचे. श्रेयनिर्देशाचे नियम पुढे महाविद्यालयात शिकता येतील. त्यामागील प्रामाणिकपणाची सवय मात्र शाळेतच लागायला हवी.

उतरवून घेण्याच्या प्रश्नाकडेही भाषेच्या अंगाने पाहू. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील प्रमाण मराठी वाक्य समजते, पण त्याच आशयाचे दुसरे प्रमाण वाक्य त्याला चटकन रचता येत नाही. म्हणून तो पहिलेच वाक्य उतरवतो. अशा मुलाला ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ एवढे सांगून भागत नाही. परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे, वाचलेले मित्राला घरच्या बोलीत सांगावे, मग ते प्रमाण मराठीत लिहावे आणि शेवटी पुस्तक उघडून तपशील पडताळावा, हा क्रम उपयुक्त ठरतो. ग्रंथालयात बोलीला मज्जाव नसेल, तर हा क्रम तेथे सहज पाळता येतो. ‘शांतता राखा’ ही पाटी वाचनकक्षासाठी ठीक आहे, पण शोधाच्या तासाला तेथे थोडे बोलणे व्हायलाच हवे.

६.३.७ शिक्षक आणि ग्रंथपाल यांचे सहकार्य

ग्रंथपाल हे सर्व एकट्याने करू शकत नाहीत. विषयाचे ज्ञान शिक्षकांकडे असते, साधनांचे ज्ञान ग्रंथपालांकडे. प्रकल्पाचा विषय देण्यापूर्वी शिक्षकांनी ग्रंथपालांशी बोलावे, त्या विषयाची साधने उपलब्ध आहेत का ते पाहावे आणि प्रश्ननिश्चितीसाठी एक तास ग्रंथालयात घ्यावा. मूल्यमापन करताना मुखपृष्ठाच्या सजावटीपेक्षा प्रश्नाला आणि टिपणवहीला अधिक गुण द्यावेत. गुण ज्याला मिळतात तेच विद्यार्थी मनापासून करतात.

अनेक लहान शाळांत स्वतंत्र ग्रंथपालच नसतो. एखाद्या शिक्षकाकडे किल्ली असते. अशा ठिकाणीही या घटकातील बहुतेक गोष्टी करता येतात. त्यांना इमारत लागत नाही. एक मराठी शब्दकोश, तीन रकान्यांची वही आणि मुलाला उलट प्रश्न विचारण्याचा संयम एवढे भांडवल सुरुवातीला पुरते. तरीही हा तात्पुरता उपाय आहे, हे विसरू नये. किल्ली सांभाळणारा शिक्षक स्वतःचे तास घेऊन उरलेल्या वेळात हे काम करतो, आणि उरलेला वेळ सहसा उरत नाही. ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नाही, त्यांच्यासाठी प्रशिक्षित ग्रंथपाल ही चैन नसून शिक्षणातील समान संधीचा प्रश्न आहे.

६.४ सारांश

शालेय ग्रंथपालाचे काम ग्रंथांच्या देवघेवीपुरते मर्यादित नाही; विद्यार्थ्याला शोध घ्यायला शिकवणे हे त्याचे अध्यापनकार्य आहे. शोधाचा आरंभ विषयाचे प्रश्नात रूपांतर करण्यापासून होतो. कुल्थाउ यांनी सांगितलेल्या सहा पायऱ्यांपैकी अन्वेषण आणि केंद्रनिश्चिती या पायऱ्यांवर विद्यार्थ्याला सर्वाधिक आधार लागतो. सातबारा उताऱ्याच्या उदाहरणातून गृहीतक मांडणे, पडताळणे, बदलणे आणि उत्तराची मर्यादा सांगणे या क्रिया आपण पाहिल्या. साधनांची पारख कर्ता, काळ, वाचक आणि आधार या चार प्रश्नांनी करता येते. पाहिलेले, वाचलेले आणि वाटलेले यांतील भेद व्यक्त करण्याचे सामर्थ्य मराठीत आहे; ते लेखनात आणणे हे ग्रंथपाल आणि भाषाशिक्षक यांचे संयुक्त काम आहे.

६.५ पारिभाषिक संज्ञा

शोधप्रश्न : ज्याचे उत्तर साधनांच्या आधारे मिळवता येते असा मर्यादित व नेमका प्रश्न.
गृहीतक : पडताळणीपूर्वी मांडलेले तात्पुरते उत्तर.
केंद्रनिश्चिती : विस्तृत विषयातून शोधाचा नेमका रोख ठरवणे.
श्रेयनिर्देश : घेतलेल्या माहितीच्या मूळ कर्त्याचा व साधनाचा उल्लेख करणे.
संमिश्र शब्द : दोन भिन्न भाषांतील घटकांच्या संयोगातून बनलेला शब्द, उदा. भोगवटादार.

६.६ ‘आपली प्रगती तपासा’ : नमुना उत्तरे

१. (अ) आमच्या गावच्या जत्रेतील दुकाने गेल्या तीस वर्षांत कशी बदलली? (आ) एकाच घटनेच्या बातमीला दोन मराठी वृत्तपत्रे कोणते मथळे देतात आणि त्यांतील क्रियापदांत काय फरक दिसतो? आपले प्रश्न यांहून निराळे असू शकतात; ते ६.३.२ मधील तीन कसोट्यांना उतरतात का, हे पाहा.
२. ‘हंगाम’, ‘जिरायत’, ‘बागायत’ हे शेतीशी निगडित शब्द फारसी-अरबी मुळाचे निघाले आणि ‘अधिकार’, ‘क्षेत्र’ हे हक्काच्या बाजूचे शब्द संस्कृत निघाले. त्यामुळे हक्क म्हणजे फारसी-अरबी आणि शेती म्हणजे मराठी, ही सरळ विभागणी टिकली नाही.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘शोध घेण्याचे कौशल्य हे मूलतः भाषेचे कौशल्य आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा. (सुमारे ३०० शब्द)
२. वाचकाचा वेळ वाचवण्याचे तत्त्व शालेय ग्रंथालयाला कोणत्या अर्थाने लागू पडते, ते स्पष्ट करा. (सुमारे १५० शब्द)
३. टीपा लिहा : (अ) तीन रकान्यांची टिपणवही (आ) साधनांच्या पारखीचे चार प्रश्न.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील वीजबिल, शिधापत्रिका, लग्नपत्रिका किंवा बँकेचे पासबुक यांपैकी एक कागद घ्या. त्यावरील दहा मराठी शब्द निवडा (व्यक्तींची नावे व क्रमांक वगळा). एक शोधप्रश्न आणि एक गृहीतक आधी लिहून ठेवा. नंतर किमान दोन कोशांत त्या शब्दांची मुळे पाहा. आपले गृहीतक कोठे टिकले आणि कोठे बदलावे लागले, हे एका पानात लिहून अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात सादर करा. जवळच्या शाळेत ग्रंथालय असल्यास तेथील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे कार्य करता येईल.